भूकंप मोठा, हानी लहान : असे का?

सन २०१० च्या आरंभी, अवघ्या दीड महिन्याच्या अंतराने, दोन विनाशकारी भूकंप झाले. पहिला १२ जानेवारीस कॅरिबियन समुद्रातील हैती या देशात झाला. त्याची महत्ता ७.० होती. दुसरा २७ फेब्रुवारीस दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या किनाऱ्याजवळ झाला. त्याची महत्ता ८.८ होती.

विद्यार्थी मित्रांनो, महत्ता हे भूकंपात मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचे माप आहे. महत्ता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. येथे फरक १.८ अंकांचा आहे. हिशेब केल्यास चिलीच्या भूकंपाची ऊर्जा हैतीच्या सुमारे ५०० पट भरते.

आता मृतांचे आकडे पाहा. चिलीत सुमारे ५२५ माणसे दगावली. हैतीत मात्र, निरनिराळ्या अंदाजांनुसार, एक लाखापासून तीन लाखांपर्यंत बळी गेले. पाचशे पट मोठ्या भूकंपाने शेकडो पटींनी कमी माणसे मारली, हे कसे?

निसर्गाचा वाटा

याचे काही श्रेय निसर्गालाच द्यावे लागते. हैतीतील भूकंपाचे केंद्र जमिनीखाली फक्त १३ किलोमीटर खोल होते, आणि राजधानी पोर्त-ओ-प्रिन्स तेथून अवघ्या २५ किलोमीटरवर. चिलीत केंद्र समुद्राखाली, सुमारे ३५ किलोमीटर खोल होते. कॉन्सेप्सियॉन हे मोठे शहर शंभरएक किलोमीटर दूर होते. परंतु एवढ्याने सारा फरक उलगडत नाही.

पैशाचा वाटा

त्या वेळी चिलीचे दरडोई उत्पन्न हैतीच्या सुमारे दहापट होते. पण नोटांच्या थप्प्या भिंतीला टेकू देत नाहीत. भूकंपापूर्वी त्या पैशाचे काय झाले, हे महत्त्वाचे. चिलीने १९३९ आणि १९६० सालचे भीषण भूकंप सोसले होते. १९६० च्या भूकंपाची महत्ता ९.५ होती, आजवर मोजल्या गेलेल्यांत तो सर्वांत मोठा. त्यातून शिकून तेथे बांधकामाचे कडक नियम झाले. नियम पाळले जातात की नाही हे पाहणारे अभियंते तयार झाले. इमारतीत दोष निघाला तर ती बांधून विकणाऱ्याला जबाबदार धरणारा कायदाही झाला.

हैतीच्या राजधानीने असा मोठा धक्का यापूर्वी १७७० साली पाहिला होता. लोकांच्या स्मरणातून तो पुसला गेला होता. काँक्रीटची घरे होती, पण सिमेंट कमी, लोखंडी सळ्या अपुऱ्या आणि तपासणारा कोणी नाही. राष्ट्राध्यक्षांचा प्रासादही कोसळला. मदत करणारे सरकारच ढिगाऱ्याखाली सापडले.

नुकसानीचा हिशेबही बोलका आहे. चिलीचे सुमारे ३,००० कोटी डॉलरचे नुकसान झाले, हैतीचे सुमारे ७८० कोटींचे. म्हणजे चिलीने अधिक गमावले. परंतु ही रक्कम चिलीच्या वार्षिक उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून कमी होती, तर हैतीची वर्षभराच्या उत्पन्नापेक्षाही जास्त. ज्याच्या घरी चार कणगी भरलेल्या आहेत त्याची एक सांडली तर तो सावरतो. ज्याच्याकडे एकच आहे तो काय करील?

केवळ पैसा पुरतो का?

नाही. चिलीतच भूकंपानंतर त्सुनामीचा इशारा चुकीने मागे घेण्यात आला आणि किनाऱ्यावर अनेकांचे प्राण गेले. आपल्याकडचे उदाहरण पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथे दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद असलेली घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. ही घरे सुस्थितीतल्या कुटुंबांची प्रतिष्ठा होती. हलक्या छपरांच्या गरीब झोपड्यांनी मात्र तो धक्का बराच सोसला. ज्ञानाची जोड नसलेला पैसा असा उलटू शकतो.

उलटपक्षी, पैसा थोडा असूनही पुष्कळ करता येते. नोव्हेंबर १९७० मध्ये आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळाने किमान तीन लाख बळी घेतले. पुढे त्या देशाने गावोगावी स्वयंसेवक नेमले. निशाणे लावून, भोंग्यांवरून ओरडून ते इशारा देतात. उंच खांबांवर निवारे उभारले गेले; एरवी त्यांत शाळा भरतात. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात सुमारे ३,४०० माणसे गेली. २०२० च्या ‘अम्फान’ वादळापूर्वी वीस लाखांहून अधिक लोकांना हलविण्यात आले आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. वादळे थांबली नाहीत; माणसे वेळेवर निघाली.

तात्पर्य हे की भूकंप वा वादळ निसर्ग घडवितो, पण त्याची आपत्ती किती मोठी व्हावी हे बरेचसे आपण आधीच ठरवून ठेवलेले असते. श्रीमंत देशाला ते ठरविणे सोपे जाते, गरीब देशाला कठीण. अशक्य मात्र नाही.

करून पाहा : तुमच्या शाळेची इमारत केव्हा बांधली? भिंती कशाच्या आहेत, छप्पर जड की हलके? वर्गातून मोकळ्या मैदानावर पोहोचण्यास किती सेकंद लागतात? शिक्षकांच्या मदतीने मोजा व नोंद ठेवा. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.