आधी पाण्यामागून चाला

आमचा ओढा दोन राज्यांचा आहे. त्याच्या उगमाकडचं माळरान कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आणि खालचं काळं रान निपाणी तालुक्यात, कर्नाटकात. वरच्या जमिनीचा सातबारा निघतो, खालच्या जमिनीची पहाणी. पाणी मात्र एकच आणि ते शेवटी वेदगंगेला मिळतं. एवढी साधी गोष्ट मनात न धरता आम्ही बाराशे रोपं लावली आणि त्यातली बहुतेक गमावली. ही चूक दुसऱ्या गावात होऊ नये म्हणून लिहितो आहे.

आम्ही दहा-बारा शेतकरी होतो. करंज, शेवरी, सुबाभूळ, थोडा बांबू अशी रोपं एका योजनेतून मिळाली. ती कुठं लावायची यावर एकच बैठक झाली, तीही देवळाच्या कट्ट्यावर. टँकर जिथं पोचेल आणि कुणाच्या पिकाला अडचण होणार नाही अशा जागा आम्ही निवडल्या. पाणंदीची कड, रानांचे बांध आणि ओढ्याचा खालचा काठ. शिवारात पाऊल न टाकता जागा ठरवल्या, ही पहिली चूक.

दुसरी चूक बांधांची. आमच्याकडं भावाभावांची वाटणी उताराच्या दिशेनं, उभ्या पट्ट्यांत होते. प्रत्येकाच्या वाट्याला वरची मुरमाड जमीनही यावी आणि खालची काळीही यावी, हा त्यामागचा न्याय. पण त्यामुळं बांध उतारावरून सरळ खाली जातात आणि पावसाचं पाणी त्यांच्याच कडेनं वाट धरतं. आम्ही नेमकी त्या वाटेवर रोपं लावली. उताराला आडवी अशी एकही ओळ नव्हती.

त्यात हे तंबाखूचं शिवार. पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या मारून रान मोकळं ठेवायचं आणि ऑगस्टच्या सुमारास लागण करायची, ही इथली जुनी रीत. म्हणजे ऐन जोराच्या पावसात माती उघडी. ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगेला महापूर आला, यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं. त्याच आठवड्यात आमच्या ओढ्यानं काठ तोडला. उघडीप मिळाल्यावर गेलो, तर काठावरची सगळी ओळ नाहीशी झालेली. बांधाच्या कडेला मांडीएवढी खोल ओघळ पडली होती आणि तिच्या तोंडावर करंजाचं एक रोप लोंबत होतं. रोपवाटिकेतल्या पिशवीची माती त्याच्या मुळांना अजून चिकटून होती, आमच्या रानातली तेवढी वाहून गेली होती.

माझे थोरले चुलते, अण्णा, ते बघून म्हणाले, "बाळा, वड्याला खाली कशाला धराय जातोस? माळावर धर. तितं त्यो ल्हान असतोय."

पुढच्या मृगात पहिला मोठा पाऊस लागला तेव्हा आम्ही छत्र्या आणि लाकडी खुंट्या घेऊन माळापासून ओढ्यापर्यंत पाण्यामागून चाललो. धारा जिथं एकत्र येतात तिथं एक खुंटी, पाणी जिथं गढूळ होतं तिथं दुसरी. माळावर गवत होतं तिथलं पाणी जवळजवळ निवळ होतं. तीन ठिकाणी, उतार एकदम मोडतो तिथं, ते लाल होत होतं. त्या तीन जागा म्हणजे ओघळींची डोकी. आमच्या बाराशे रोपांपैकी एकही तिथं नव्हतं.

त्यानंतर शिकलो ते असं.

काम माथ्यापासून सुरू करा. हिवरे बाजार या गावानं 1990 नंतरच्या दशकात डोंगरावर समतल चर खोदले आणि सोबत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, तेव्हा खालच्या विहिरींना पाणी दिसलं. माळावर आधी पवना गवत किंवा स्टायलोचा चारा हवा, आणि चरांच्या कडेला सीताफळ, कडुलिंब. चराई थांबणार नसेल तर तिथं रोप लावू नका. आमचा माथा दुसऱ्या राज्यात, म्हणून आम्ही वरच्या गावात जाऊन बसलो. दोन्हीकडं एकमेकांचे पाहुणे आहेत, बोलणं अवघड गेलं नाही. ते आम्ही आधीच करायला हवं होतं.

मधल्या उतारावर ओळ समपातळीवरच आखा. सहा-सात फुटांच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मधोमध एक आडवी काठी, आणि शेंड्यावरून दोरीला लोंबता दगड. दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. या ओळीवर वाळा लावा. म्हैसूरकडं गुंडलुपेट भागात शेतकरी पिढ्यान् पिढ्या वाळ्याची कुंपणं राखत आले आहेत. त्याची मुळं आडवी न पसरता खोल जातात, त्यामुळं शेजारच्या पिकाला जाच होत नाही. दोन ठोंबांत चार-सहा बोटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका आणि तुटाळ लगेच भरा. ओळीतल्या एका फटीतून पाणी घुसलं की ते तिथंच ओघळ पाडतं.

ओघळीच्या डोक्याला आधी दगड रचा, वरच्या अंगाला घायपात आणि दोन्ही कुशींना निर्गुडी लावा. बांबू त्याच्या खाली. प्रवाहाच्या मधोमध काही लावू नका.

खालच्या काळ्या रानात पाणी तुंबवणारे बांध घालू नका. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तुंबलेलं पाणी त्या भेगांतून शिरून बांध फोडतं. तिथं हलका ढाळ दिलेले बांध हवेत आणि त्यांच्या शेवटी गवत धरलेला सांडवा हवा. बांधावर मोठं झाड नको, छाटता येईल असं गिरिपुष्प ठेवा. त्याचा पाला रानालाच मिळतो.

ओढाकाठ सगळ्यात शेवटी. काठापर्यंत नांगर नेऊ नका, गवताची पट्टी राखा आणि तिच्या मागं करंज, जांभूळ लावा.

नकाशा जरूर पाहा, पण त्याची मर्यादा ओळखा. सर्वे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या नकाशावर समोच्च रेषा साधारण 20 मीटरच्या अंतरानं असतात. मांडीएवढी ओघळ त्यावर दिसत नाही. माथा आणि ओढे नकाशावर समजून घ्या, खुंटी मात्र रानात उभं राहून मारा.

जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला आणि यमगर्णीला महामार्ग पुन्हा बंद झाला. असल्या कामानं नदीचा पूर थांबत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण तोवर आम्ही लावलेली वाळ्याची ओळ जिथं सलग होती तिथं तिच्या वरच्या अंगाला वीतभर माती साठली होती. ती माती आमची होती आणि आमच्याच रानात राहिली.

तुमच्याकडं दोनशेच रोपं असतील तर ती सगळी ओघळींच्या डोक्याशी आणि माथ्यावर लावा, रस्त्याकडेला शोभेसाठी नको. आणि येत्या मृगात रोपं मागवण्याआधी एक छत्री, दहा-वीस खुंट्या आणि वरच्या गावातला एक माणूस सोबत घेऊन पाण्यामागून एकदा चालून या.