कर्नाळ्याचा दगड किती वर्षांचा?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. 'सहासष्ट' म्हणजे सिक्स्टी सिक्स हे अजून आजीला विचारून घेते. तेव्हा शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी.

जिऑलॉजीच्या ओरलला एक्स्टर्नलनी समोर एक काळा दगड ठेवला.

"हा काय?"

"बेसाल्ट, सर."

"वय?"

"साडेसहा कोटी वर्षं."

"कसं काढतात?"

"कार्बन डेटिंग, सर!"

ते नुसते हसले आणि त्यांनी पुढचा रोल नंबर पुकारला. मार्क किती पडले ते इथे छापत नाही.

घरी मामाला सांगितलं. त्याचा खडीचा धंदा. तो म्हणाला, "अगं, तेव्हा बघायला कोण होतं? अंदाजे ठोकतात सगळे." ओरलपेक्षा हे जास्त लागलं, कारण मामाला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग लायब्ररी गाठली.

आधी माझी चूक. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. सुमारे ५० हजार वर्षांनंतर तो मोजण्याइतका उरतच नाही. शिवाय तो सापडतो लाकूड, हाड, शंख अशा एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंत. बेसाल्ट कधी जिवंत होता?

दगडासाठी हळू चालणारं घड्याळ लागतं. पोटॅशियम-४० हे तसं घड्याळ. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. त्यातल्या थोड्या भागाचा आरगॉन वायू होतो. लाव्हा पातळ असताना हा वायू निसटून जातो. लाव्हा गोठला की पुढे तयार होणारा आरगॉन स्फटिकात अडकून बसतो. म्हणजे लाव्हा गोठला, की स्टॉपवॉच शून्यापासून सुरू.

मी गणित करून पाहिलं. ६.६ कोटी वर्षांत पोटॅशियम-४० च्या दहा हजार अणूंपैकी सुमारे ३६० फुटतात आणि त्यातल्या जेमतेम चाळीसेकांचा आरगॉन होतो. एवढंसं मोजायचं म्हणजे खायचं काम नाही! म्हणून दगडाचा नमुना अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉनच्या माऱ्याने साध्या पोटॅशियमच्या काही अणूंचा आरगॉन-३९ होतो. मग नमुना टप्प्याटप्प्याने तापवायचा आणि दोन्ही आरगॉन एकाच यंत्रात मोजायचे. दगड कुजलेला असेल तर टप्प्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत आणि चोरी पकडली जाते. हे काम परदेशातच चालतं असं नाही, आपल्या पवईच्या आयआयटीत अशी प्रयोगशाळा आहे.

दुसरं घड्याळ झिरकॉन नावाच्या बारीक स्फटिकाचं. तो तयार होताना युरेनियम आत घेतो, पण शिसं घेत नाही. म्हणजे नंतर आत सापडलेलं शिसं जवळपास सगळं युरेनियमपासूनच झालेलं. सह्याद्रीच्या थरांवर दोन्ही घड्याळं लावली, तर दोन्ही सुमारे ६.६ कोटी वर्षंच सांगतात. दोन वेगळ्या कंपन्यांची घड्याळं एकच वेळ दाखवत असतील तर त्याला अंदाज कसं म्हणायचं? १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी अशनींमधलं शिसं मोजून पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं काढलं. आजही तो आकडा जवळपास तोच आहे.

आता आपल्या पनवेलचं. माथेरानकडे लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे दिसतात, पण पनवेलच्या पट्ट्यात ते समुद्राकडे झुकतात. जगभरचे भूशास्त्रज्ञ या वाकाला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. आपल्या गावाचं नाव! २०१७ साली कांचन पांडे, यतीश आणि हेतू शेठ यांनी मुंबईतल्या लाव्ह्याचं वय प्रसिद्ध केलं. ते निघालं सुमारे ६.२५ कोटी वर्षं, म्हणजे घाटापेक्षा तीसेक लाख वर्षांनी लहान. तो लाव्हासुद्धा पश्चिमेकडे झुकलेला आहे. चपाती आधी लाटायची, मग घडी घालायची. म्हणजे तिथला वाक त्या लाव्ह्याच्या नंतरचाच.

हे सगळं मामाला सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "खाणीत दोन काळ्या थरांच्या मधे लाल माती लागते. ती काय?" मी उडालेच! एक लाव्हा गोठला, त्यावर माती तयार झाली, मग दुसरा लाव्हा आला. ती लाल माती म्हणजे मधली सुट्टी. खालचा थर जुना, वरचा नवा, हे बघायला यंत्र लागत नाही. मामा ते रोज बघत होता.

पण एक गोष्ट मनात राहिली. खडी झाली तरी दगडातला आरगॉन आतच असतो, त्याचं वय काढता येईल. तो कुठल्या थराच्या वर होता आणि कुठल्या खाली, हे मात्र क्रशरमधून निघाल्यावर कोणीच सांगू शकत नाही. आपण इंजिनीअर, खडी लागणारच. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली ती आपल्या डोळ्यांसमोर. निदान टेकडी कापण्याआधी थरांचे फोटो, मोजमाप आणि चार नमुने तरी ठेवायला हवेत.

मामाने आता एक कबूल केलंय. पुढच्या वेळी लाल थर लागला, की खाणीत सुरुंग लावायच्या आधी मला फोन करणार. कॅमेरा आणि टेप घेऊन कोण येतंय?