आवतन कुणाला धाडतेस?

छोटे, काल फोनवर मी हसले म्हणून तुला राग आला. "बारा सापळे टांगले ताई, आठ दिवस झाले, एक मोठा पतंग अडकला नाही, आणि झाडाखाली संत्र्यांचा सडा पडलाय," असं तू सांगत होतीस आणि मला हसू आवरेना. तुला हसले नाही गं. मला माझीच आठवण आली.

बाग माझ्या अंगावर पडली त्या पहिल्या वर्षी मी तालुक्याच्या गावी एका दुकानात गेले. म्हटलं, आंबिया बहराची फळं गळताहेत, पतंग आहे म्हणतात, सापळे द्या. त्यांनी डबे दिले, मी टांगले. पंधरवड्यात डब्यांचे तळ भरले. मी रोज सकाळी मेलेले किडे मोजायची आणि तुझ्या भाऊजींना आकडा सांगायची, जशी काही लढाई जिंकली. फळं गळायची ती गळतच होती. मग एक दिवस डबा पालथा केला आणि नीट बघितलं, तर सगळ्या माश्या. त्यात मिथाईल युजेनॉलचा बोळा होता. फळमाशीच्या नराला त्याचं वेड असतं. पतंगाला त्याचं काही देणंघेणं नाही. मी चोराच्या नावानं भलत्यालाच पकडून आणत होते.

आणि तुझे सापळे तर कापसातले, हो ना? घरात पडलेले होते म्हणून लावलेस. त्यात गुलाबी बोंडअळीचे ल्यूर, म्हणजे गंधगोळ्या, आहेत. कापसात ते लाखमोलाचे. सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस आले की फवारणीचं बघायचं, हा हिशेब आपल्याकडे आता पोरासोरांना पाठ आहे. पण तो वास फक्त बोंडअळीच्या नराला कळतो. संत्र्यावरचा पतंग त्याच्या शेजारून उडून जाईल, वळून बघणार नाही.

म्हणून सांगते, सापळा घेण्याआधी एकच विचार कर: हे आवतन कुणाला धाडतेय मी?

कामगंध म्हणजे मादीनं नराला धाडलेलं आवतन. फ्रान्समध्ये फाब्र नावाचे एकेकाळचे शाळामास्तर होते, किडे बघण्यात जन्म घालवलेले. त्यांच्या घरी एका सकाळी मोठ्या मोरपतंगाची मादी कोषातून निघाली. त्यांनी तिला जाळीखाली ठेवलं, तर रात्री उघड्या खिडकीतून चाळीसेक नर घरात हजर. मादी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की एकही यायचा नाही. म्हणजे दिसण्याचा प्रश्न नव्हता, वासाचा होता. तो वास नेमका कोणता हे कळायला पुढं बराच काळ गेला. जर्मनीत बुटेनांट यांनी रेशीमपतंगाच्या पाच लाख माद्या वापरून तो १९५९ मध्ये ओळखून काढला, आणि हाती काय आलं तर काही मिलिग्रॅम. किड्यांच्या कामगंधातलं ओळखलेलं हे पहिलं रसायन. असला इवलासा वास पतंगाला पुरतो. तू आपली हाताला तंबाखूचा, साबणाचा, दुसऱ्या ल्यूरचा वास घेऊन नवा ल्यूर बसवतेस. हातमोजे घाल, आणि एका ल्यूरचे मोजे दुसऱ्याला नको.

आता आपला चोर बघ. संत्र्याचा रस शोषणारा पतंग. बाकीच्या पिकांत पतंग बिचारा निरुपद्रवी असतो, खाते ती अळी. इथं उलटं आहे. अळी संत्र्याला तोंडही लावत नाही, ती बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. नुकसान करतो तो मोठा झालेला पतंग, आणि नर काय, मादी काय, दोघंही. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे पिवळेनारिंगी, त्यावर काळा डाग. सोंड अशी टणक आणि काटेरी की पिकत्या फळाची साल सहज भोसकते. अंधार पडला की येतो, रस पितो, निघून जातो. सकाळी तुला दिसतं टाचणीएवढं भोक. दाबलं की रस येतो. मग त्या भोकातून बुरशी आणि जिवाणू शिरतात, भोवती तपकिरी मऊ चकती होते, आणि चारपाच दिवसांत फळ खाली.

तो वासाच्या मागे येतो खरा, पण प्रेमाच्या नव्हे. भुकेच्या. पिकत्या फळाचा, आंबलेल्या रसाचा वास त्याला ओढतो. कामगंध लावून समजा नर पकडलेच, तरी माद्या तुझी संत्री पीतच राहणार. त्याला जेवणाचंच आवतन द्यावं लागतं.

आणि ते आवतन तू आधीच दिलंयस, बाई! झाडाखालचा तो सडा. आठ दिवस पडून सडलेली फळं सांजेला घमघमतात, आणि शेजारच्या नाल्यातल्या पतंगाला सांगतात, या, इथं पंगत बसलीय. शिवाय एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग असतो ना, तसले दुबळ्या सोंडेचे पतंगही येतात. त्यांना साल भोसकता येत नाही, ते दुसऱ्यानं पाडलेल्या भोकावर बसतात. तेव्हा सापळ्याचा विचार नंतर. आधी सकाळी दोन बाया लाव, पडलेलं प्रत्येक फळ उचल आणि खोल खड्ड्यात पूर. उकिरड्यावर फेकू नकोस, तो बागेच्या वाऱ्यावरच आहे तुझ्या.

उचलताना दहावीस फळं काप. आत पांढुरक्या अळ्या वळवळल्या तर ती फळमाशी. तिथं माझे ते डबे कामाचे. आत किडा नाही, नुसतं भोक आणि सड असेल तर पतंग. भोकच नाही, देठाकडून काळं पडलंय, तर ते बुरशीचं किंवा झाडाच्या उपासमारीचं दुखणं, त्याला कुठलाच वास पुरा पडणार नाही. आपल्याकडे फळगळीला एकच नाव आणि दुकानात एकच बाटली, म्हणून पैसे वाया जातात.

आमिषाचं सांगते. काळा गूळ पाण्यात विरघळव, संत्र्याचा रस नाहीतर थोडं व्हिनेगर घाल, आंबूस वास सुटला पाहिजे. त्यात मॅलाथिऑन, शिफारशीइतकंच. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची किंवा अकोल्याच्या विद्यापीठाची चालू वर्षाची शिफारस बघून घे, माझ्या मापावर जाऊ नकोस. माझं माप जुनं आहे आणि हात सैल. रुंद तोंडाच्या भांड्यांत ओतून झाडांना टांग. कुठं? बागेच्या मधोमध नको. चोर बाहेरून येतोय, तर नाल्याकडच्या आणि जंगलाकडच्या ओळींत टांग, म्हणजे वाटेतच भेटेल. आणि फळ रंग धरायच्या आधी, पोळ्यानंतर लगेच. एकदा अख्खी बाग पिकून घमघमायला लागली की तुझ्या चार भांड्यांना कोण विचारतं?

एक गोष्ट मात्र पाळच. दिवस उगवला की भांडी झाकायची. गोड विषावर दिवसा मधमाश्या येतात, आणि मृग बहराच्या फुलाला त्याच माश्या लागतात आपल्याला. लेकरं आणि गुरं तर आहेतच. मी संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी उघडते, सकाळी चहाआधी झाकते. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू.

बाबा सांजेला बागेत ओल्या पाल्याचा धूर करायचे, आठवतं? आपण डोळे चोळत घरात पळायचो. तेव्हा वाटायचं डासांसाठी करतात. तो याच पतंगासाठी होता. अजूनही शिफारस आहे, अंधार पडल्यापासून दोनतीन तास कडुनिंबाचा ओला पाला, गवत धुपवत ठेवायचं, म्हणजे फळाचा वास धुरात हरवतो. वारा पडलेला असेल तर चांगला उपयोग होतो. वारा सुटला की तुझा धूर शेजाऱ्याला.

गंमत बघ, अमेरिकेत सफरचंदाच्या बागांतही हाच डाव खेळतात, फक्त धुराऐवजी कामगंधानं. तिथं कॉडलिंग मॉथ नावाचा पतंग आहे, त्याची अळी सफरचंद पोखरते. आपल्या देशात तो लडाखमध्ये आहे. अमेरिकेत पूर्वी त्याच्यासाठी मळीच्या बादल्या झाडाला टांगायचे, म्हणजे आपल्याच गुळाचे भाऊबंद. १९७१ मध्ये त्याचा कामगंध ओळखला गेला. मग फांद्याफांद्यांवर त्या गंधाच्या नळ्या बांधायला लागले. अख्ख्या बागेत मादीचाच वास, नर बावचळतो, खरी मादी सापडत नाही, अंडी फळत नाहीत. पण एकट्यादुकट्याची छोटी बाग असेल तर फसतं. मादी शेजारी जुळून येते आणि अंडी तुझ्याकडे घालते. म्हणून वॉशिंग्टन, ओरेगॉन, कॅलिफोर्नियात १९९५ पासून शेजारीपाजारी मिळून हे करायचा मोठा प्रकल्प झाला. पुढं एक घोळ उरला. नराला मादी सापडत नाही तशीच सापळ्यातली गंधगोळीही सापडत नाही, मग रिकामा सापळा बघून काय समजायचं? त्यावर पिकल्या नाशपातीच्या वासाचा ल्यूर निघाला. तो माद्यांनाही ओढतो.

शेजाऱ्यांचं मात्र आपल्यालाही तंतोतंत लागू आहे. सातपुड्याच्या पायथ्याची जमीन आपली, डोंगरातली सगळी गुळवेल कोण उपटणार? पण बांधावरची आणि नाल्यातली तर उपटता येईल. तिच्यावर अंगाच्या बाजूला डोळ्यासारखे मोठे ठिपके असलेली काळपट अळी पाठ वाकवून बसलेली दिसली, तर ओळख पटली समज. कोरोनापासून घराघरात काढ्यासाठी हाच वेल चढवलाय. माझ्या सासूबाईंनी बागेच्या फाटकावरच्या निंबावर लावला होता; तो काढायला मला दोन हंगाम आणि बरंच गोड बोलणं लागलं. शेवटी अंगणात, घराच्या मागे नेऊन लावला, तिथं येताजाता अळी वेचता येते.

कामगंध संत्र्यात अगदीच कामाचा नाही असं नाही हं. नव्या पालवीवर चांदीच्या रेघा ओढणारी नागअळी असते, तिचा इवलासा पतंग कामगंधाला येतो. फ्लोरिडात तर तो गंध मेणासारख्या लगद्यात कालवून झाडांना त्याचे ठिपके लावून बघितलेत. पण ते पालवीच्या वेळी. आत्ता तुझं दुखणं वेगळं आहे.

तुझे बारा सापळे उतरवून कापसात ने. उरलेले ल्यूर पाकीट बंद करून थंड जागी ठेव. आईच्या फ्रीजमध्ये ठेवणार असशील तर डब्यावर ठळक लिही, मागच्या खेपेला तिनं ते पोटाच्या गोळ्यांशेजारी मांडले होते.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला मी येते. बॅटरी आणि फुलपाखरं धरायची जाळी माझ्याकडे आहे. बॅटरीचा उजेड पडला की पतंगांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, तेवढ्यात झडप घालायची. शेजारच्या काकांनाही बोलाव, त्यांची बाग नाल्याला तुझ्याहून जवळ आहे. आणि गूळ काळाच आण, तो महागाचा सेंद्रिय चहाला राहू दे.