मुलाच्या भेटीचा अंतरिम आदेश कसा मिळवावा

ताब्याचा दावा वर्षानुवर्षं चालू शकतो, आणि मूल तेवढा वेळ लहान राहत नाही. म्हणून ताबा मागताना त्याच दिवशी अंतरिम भेटीचा वेगळा अर्जही द्या. ‘आधी ताब्याचं बघू’ म्हणून थांबलेल्या पालकाची आणि मुलाची सवय तुटते, मग ती पुन्हा लावणं फार जड जातं.

अर्ज कुठे द्यायचा, हे आधी ठरवा. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २६ खाली त्याच दाव्यात. दावा नसेल, तर पालक व पाल्य कायदा १८९० खाली, आणि मूल सध्या जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात. तुम्ही पुण्यात आणि मूल नाशिकला असेल तर नाशिकला. हा १८९० चा कायदा सर्व धर्मांच्या पालकांना खुला आहे. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे जिल्हा न्यायालयात जावं. घरात हिंसाचार झाला असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारीही मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालय गाठा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

कागद जमवा: मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड. भेट नाकारल्याचे मोबाईलवरचे संदेश जोडायचे असतील, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं.

आता अर्जाची मागणी. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. ‘मुलाला भेटू द्यावे’ एवढंच लिहिलं, तर आदेशही तसाच मोघम येण्याचा धोका असतो, आणि मग दर शनिवारी नव्याने भांडण. त्यापेक्षा असं लिहा: ‘दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी १० ते सायंकाळी ६, मुलाला आजोबा अमुक ठिकाणी आणून सोडतील व तिथूनच परत नेतील, बुधवारी व रविवारी सायंकाळी ७ वाजता १५ मिनिटं व्हिडिओ कॉल, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, मूल आजारी असल्यास भेट पुढच्या शनिवारी.’ शाळेच्या पालकसभेला हजर राहायची आणि दवाखान्याचे कागद पाहायची परवानगीही मागा. पालक दुबईत किंवा लंडनला असेल तर कॉलवर अधिक भर द्या. दूर असलेल्या पालकाने व्हिडिओ कॉलने मुलाच्या संपर्कात राहावं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केलं आहे. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं असं १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. म्हणून तिथे मुक्काम मागण्याऐवजी छोट्या पण वरचेवर होणाऱ्या भेटी मागाव्यात. वेळापत्रक मुलाच्या झोपेच्या आणि परीक्षेच्या वेळा धरून आखलेलं असलं, की ‘मुलाचं हित’ न्यायाधीशांना निराळं पटवावं लागत नाही.

जोडीदाराविषयी अर्जात चिखलफेक करू नका. मुलाच्या सुरक्षिततेचा खरा धोका असेल तो मात्र तारखेसह लिहा आणि समुपदेशकांच्या देखरेखीखाली भेट मागा.

समोरचा पक्ष म्हणणं दाखल करेल, मग बहुधा विवाह समुपदेशकांकडे पाठवलं जाईल. तिथे तडजोड जमली तर संमतीच्या अटी लेखी करून त्यावर न्यायालयाचा आदेश घ्याच. तोंडी कबुलीवर विसंबू नका. समुपदेशक किंवा न्यायाधीश मुलाशीही बोलू शकतात. काय बोलायचं ते मुलाला पढवू नका. ते ओझं त्याच्यावर टाकणं हा अन्याय आहे.

आदेश झाला की सही-शिक्क्याची नक्कल लगेच काढा. प्रत्येक भेटीची तारीख, वेळ वहीत टिपा. भेट नाकारली गेली, तर मुलाला ओढून आणू नका, शाळेबाहेरून परस्पर नेऊ नका आणि पोटगीही थांबवू नका. भेट आणि पोटगी हे दोन वेगळे आदेश आहेत. न्यायालयात तशी पुरसीस (लेखी निवेदन) द्या, चुकलेल्या भेटी भरून मागा, आणि तरीही ऐकलं नाही तर आदेशाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त करा.

ताब्याचे आणि भेटीचे आदेश कायमचे गोठलेले नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितलं आहे. मूल पहिलीत गेलं, गाव बदललं, रात्री राहायला तयार झालं, की बदलाचा अर्ज द्या आणि सोबत त्या वहीची प्रत जोडा.