वृद्ध घोड्याचे न झडणारे केस

वऱ्हाडात घोडा आता पूर्वीइतका दिसत नाही. अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवरील टांगे गेले. तथापि वरातीची घोडी, मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचे तट्टू व हौसेने बाळगलेला एखादा घोडा अजून आहेतच. त्यांत पंधरा वर्षे ओलांडलेले जनावर असले की चैत्र-वैशाखात मालक हटकून म्हणतो, “साहेब, याचे केस यंदा झडलेच नाहीत. म्हातारा झाला, दुसरे काय!”

हा समज चुकीचा आहे. निरोगी घोडा कितीही वृद्ध असला तरी त्याचे हिवाळी केस उन्हाळ्याच्या तोंडी गळतात. खरारा करताना पुंजकेच्या पुंजके हाती येतात. पारा 45 अंशांवर असता अंगावर लांब, दाट, कधी कुरळे केस वागविणारा घोडा आजारी असण्याचा संभव फार मोठा.

मेंदूच्या बुडाशी पीयूषिका ही ग्रंथी असते. तिच्या मधल्या भागावर मेंदूतून येणारे मज्जातंतू डोपामीन नावाच्या द्रव्याने लगाम ठेवतात. वयोमानाने हे तंतू झिजले की लगाम सुटतो, तो भाग वाढतो आणि संप्रेरके प्रमाणाबाहेर रक्तात सोडू लागतो. हार्वे कुशिंग यांनी 1932 साली माणसातील अशाच एका विकाराचे वर्णन केले, म्हणून घोड्याच्या रोगासही त्यांचे नाव चिकटले. मूळ दोष मात्र निराळा आहे. हा रोग विरळा नव्हे. ऑस्ट्रेलियातील 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पंधरा वर्षे व त्यावरील घोड्यांपैकी सुमारे 21 टक्क्यांत तो आढळला.

केसांखेरीज पाठीचे मांस उतरणे, पोट लोंबणे, पाणी व लघवी वाढणे, जखमा लवकर न भरणे, वारंवार जंत होणे ही लक्षणे दिसतात. सर्वांत घातक म्हणजे खुराच्या आतील पडद्याचा दाह. घोडा पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतो, वळताना कचरतो, खूर हातास गरम लागतो. पुष्कळदा हे नालबंदाच्या ध्यानात आधी येते. त्याचे बोलणे मालकाने हसण्यावारी नेऊ नये.

येथेच मालकाच्या मायेने घात होतो. पाठ उतरलेली पाहून तो तोबऱ्यात चंदी वाढवितो, वर गूळ घालतो. या रोगात पुष्कळ घोड्यांचे शरीर साखर नीट हाताळू शकत नाही. गूळ व दाणा यांनी खुरांचा दाह भडकतो. अशा वेळी दोन्ही बंद करून वाळलेले गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊन घालावे. खूर दुखत असता डांबरी रस्त्यावर वरातीस नेणे हे तर क्रौर्यच होय.

मात्र प्रत्येक रोड घोड्यास हाच रोग आहे असे मानू नये. झिजलेल्या दाढा, जंत व माश्यांमुळे पसरणारा सर्रा यांनीही घोडा खंगतो. म्हणून दाढा, लेंडी व रक्त या तिन्हींची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. या रोगासाठी रक्तातील संप्रेरक मोजतात. शरद ऋतूत ते निरोगी घोड्यातही वाढते, तेव्हा नमुन्यावर दिनांक लिहिणे अगत्याचे. अवघड प्रसंगी अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेचा सल्ला विचारावा.

रोग समूळ बरा होत नाही, आटोक्यात राहतो. पर्गोलाइड हे औषध रोज, जन्मभर द्यावे लागते. 500 किलो वजनास आरंभी सुमारे 1 मिलिग्रॅम असे प्रमाण असल्याने निम्म्या वजनाच्या तट्टूस पूर्ण मात्रा देऊ नये. ती पशुवैद्यकानेच ठरवावी. प्रथम काही दिवस भूक मंदावते. ती फारच उतरल्यास त्यास लगेच कळवावे. औषधाचा खर्च ज्यास झेपत नाही त्यानेही खूर दर सहा-आठ आठवड्यांनी साळून घ्यावेत, जंतांचे औषध सल्ल्याने द्यावे, आणि फाल्गुन सरण्यापूर्वी अंगावरचे केस कातरून जनावर सावलीत, पाण्याजवळ बांधावे.