औषध पोटात विरघळते कसे?

गुळाचा खडा पाण्यात टाका. थोड्या वेळाने तो दिसेनासा होतो. तो पाण्यात विरघळला. आता चिमूटभर वाळू टाका. ती तळाशी जाऊन बसते. औषधांचेही असेच आहे. काही गुळासारखी, तर काही वाळूसारखी.

आपण गोळी गिळतो. ती पोटात फुटते, तिथल्या रसात विरघळते आणि मगच औषध आतड्यातून रक्तात जाते. जे विरघळले नाही, ते बहुतेक शौचावाटे बाहेर पडते.

मोठ्या माणसाच्या पोटात आंबट रस असतो. करपट ढेकर आली की घशाशी येतो, तोच हा रस. काही औषधे या आंबट रसातच नीट विरघळतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या पोटात हा आंबटपणा फार कमी असतो. मूल दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत तो हळूहळू वाढतो. पित्ताचेही तसेच. तेलकट भांडे साबणाने सुटते, तशी काही औषधे पित्ताने विरघळतात. तान्ह्या बाळाजवळ पित्तही थोडेच.

मग बाळाला औषध नेहमी कमीच लागू पडते का? नाही, उलटेही घडते. पेनिसिलीनचा जो पहिला प्रकार निघाला, तो आंबट रसात नासतो. म्हणून तो बहुधा सुईने देतात. बाळाच्या पोटात रस सौम्य. तिथे ते कमी नासते आणि रक्तात जास्त जाते.

घरात पोराला ताप आला, की कोणी तरी म्हणते, "मोठ्यांची गोळी आहे ना, अर्धी मोडून द्या." आम्हांला ही भीती वाटते. दाण्याच्या मापासारखा हा हिशेब नाही. शिवाय काही गोळ्यांवर मुद्दाम लेप दिलेला असतो. तो पोटात टिकावा आणि पुढे आतड्यात विरघळावा, म्हणून. अशी गोळी कुटली, की लेप फुकट गेला.

मुलांसाठी वेगळ्या गोळ्या करतात. जुलाबावरची झिंकची गोळी बघा. चमचाभर पाण्यात ती लगेच विरते. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज एक, म्हणजे २० मिलिग्रॅम. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात. इथे अर्धी चालते, कारण गोळी मुलांसाठीच केलेली आहे. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे. जुलाब चालू असेपर्यंत पुडीतले मीठ-साखरेचे पाणीही पाजायचे.

बाटलीतल्या औषधातही फसगत होते, बरे का. कित्येक बाटल्यांत औषध विरघळलेले नसते, नुसते तरंगत असते. फळीवर बाटली राहिली, की ते वाळूसारखे खाली बसते. न हलवता दिले, तर आधीच्या चमच्यांत नुसते गोड पाणी जाते. शेवटच्या चमच्यांत सगळे औषध एकदम. 'हलवून घ्या' असे बाटलीवर छापलेले असते, पण पुष्कळदा इंग्रजीत. औषध घेतानाच दुकानदाराकडून ते मराठीत चिठ्ठीवर लिहून घ्या आणि चिठ्ठी बाटलीला चिकटवा.