उतरवता येणाऱ्या छपराची गळती

ज्या मोटारीचे छप्पर बोल्ट सोडवून उतरवता येते, तिच्यात छप्पर आणि खालचा सांगाडा हे दोन स्वतंत्र भाग असतात आणि त्यांच्यामधला सांधा केवळ दाबून बसवलेल्या रबरी पट्टीने, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बीडिंगने, बंद झालेला असतो. त्यामुळे अशा गाडीत पावसाचे पाणी शिरणे हा दैवाचा भाग नसून बहुधा सांध्याकडे झालेल्या दुर्लक्षाचा परिणाम असतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थारपर्यंत कापडी हूडच्या गाड्या महाराष्ट्रात वापरात आहेत, आणि जुन्या जीपवर पुढे फायबरचे, म्हणजे राळेत काचतंतू बसवून घडवलेले, कठीण छप्पर चढवून घेण्याची रीतही रुळली आहे.

पालघर जिल्ह्यातील सफाळे परिसरात या सांध्याची कसोटी अधिक कठोर असते. पश्चिमेला केळवे, एडवण आणि दातिवरे यांचा किनारा असल्याने जून ते सप्टेंबर या काळात समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे पाऊस अनेकदा सरळ न पडता झडीने, म्हणजे तिरपा, आत घुसतो, आणि सरळ पावसात कोरडा राहणारा सांधा झडीत गळू लागतो. उन्हाळ्यात फायबर आणि लोखंड यांचे प्रसरण सारखे होत नसल्याने बीडिंगवर ताण येतो, खड्ड्यांतील हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात आणि खारी हवा उघड्या पडलेल्या पत्र्याला लवकर गंज आणते.

प्रस्तुत लेखकाच्या जुन्या जीपवर असे फायबरचे छप्पर होते. पहिल्याच पावसाळ्यात चालकाच्या पायाशी पाणी साचू लागले, तेव्हा पुढच्या काचेवरचा सांधाच गळत असावा असे गृहीत धरून त्या सांध्यावर, खिडक्यांच्या कडांवर आणि दरवाजांच्या तळाशी दिसलेल्या छिद्रांवरही सिलिकॉन भरण्यात आले. गळती मात्र थांबली नाही, कारण पाणी मागच्या बाजूच्या एका बोल्टच्या छिद्रातून शिरत होते आणि गाडी उताराच्या दिशेने तोंड करून उभी राहत असल्याने छपराच्या आतल्या कडेवरून वाहत पुढे येऊन ठिबकत होते. दिवाळीच्या सुमारास पायाखालचा गालिचा उचलला तेव्हा तळाचा पत्रा गंजलेला होता, आणि दरवाजांचे तळ तर आतून सडून गेले होते.

दरवाजांची ही हानी सर्वस्वी अज्ञानातून झाली. खिडकीची काच जिथून दरवाजात उतरते, तिथली रबरी पट्टी पाणी पूर्णपणे अडवत नाही; थोडे पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरणार हे धरूनच तळाशी निचऱ्याची छिद्रे ठेवलेली असतात. ती छिद्रे बुजवली की पाणी आतच साचते. तसेच आतल्या आवरणामागचा प्लॅस्टिकचा कागद दुरुस्तीच्या वेळी फाटला वा नीट चिकटवला गेला नाही, तर तेच पाणी आसनाच्या बाजूला झिरपते.

म्हणून गळतीच्या दुरुस्तीत पहिले काम शोधाचे आहे. गाडी सपाट जागी उभी करून, आत एका व्यक्तीला विजेरी देऊन बसवावे आणि बाहेरून नळीने मंद धारेचे पाणी खालून वर, एका वेळी एकाच भागावर, काही मिनिटे सोडावे. वरून सुरुवात केल्यास ओघळणारे पाणी सगळेच सांधे भिजवते आणि नेमकी जागा कळत नाही. बीडिंगचा दाब तपासण्यासाठी कागदाची पट्टी सांध्यात धरून दरवाजा लावावा. ती सहज ओढून निघाली, तर तिथे रबर बसलेले, म्हणजे दबून मूळ आकारात न परतणारे, झाले आहे असे समजावे.

असे रबर बदलणे हाच खरा उपाय होय. नवे बीडिंग लावण्यापूर्वी जुना गोंद आणि गंज काढून पत्र्याला रंग द्यावा, छपराचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत आणि प्रत्येक बोल्टखाली रबरी वायसर घालावा. एकच बोल्ट जास्त आवळल्यास फायबर तडकते आणि शेजारचा सांधा उचलला जातो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते व लोखंडाला गंज आणते, म्हणून पत्र्याच्या सांध्यासाठी आम्ल न सोडणारे सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचे सीलंट घ्यावे. दरवाजाच्या रबराला साधे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. सिलिकॉनचे ग्रीस चालते. कापडी हूड असल्यास शिवणीच्या छिद्रांवर जलरोधक द्रव लावावा आणि हूड ओला असताना घडी घालू नये, कारण त्यावर बुरशी धरते. पाणी आत आलेच असेल, तर गालिचा आणि त्याखालचा नमदा बाहेर काढून वाळवावा. वरून कोरडा दिसणारा नमदा खाली कित्येक दिवस ओल धरून ठेवतो.

कौलारू घराचे छप्परही हेच तत्त्व शिकवते: कौले एकमेकांना चिकटवलेली नसतात, तर पाण्याला पन्हळीपर्यंत वाट मिळेल अशी एकावर एक रचलेली असतात. पाऊस लागण्यापूर्वी घर शाकारण्याची जी जुनी शिस्त आहे, तीच अशा गाडीलाही लागू करावी; मे महिन्यात बोल्ट, बीडिंग आणि निचऱ्याची छिद्रे एकदा तपासावीत, आणि पाणी कुठून येते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सिलिकॉनच्या नळीला हात लावू नये.